नंबरांचा कॉलम मी गाळला

वानखेडे काकांची खुर्ची माझ्यामुळे गेली. आज सकाळी काकाही गेले.

भिलाई मध्य प्रदेशात होती तेव्हाची गोष्ट. जामुल रोडवरचा छोटा कारखाना. कंट्रोल रूममध्ये एक कॉम्प्युटर, शेडमध्ये दुसरा, मध्ये केबल.

काका कंट्रोल रूमचे इन्चार्ज. मी अकरावी सोडलेला नवा टायपिस्ट.

दोन्ही मशीनची घड्याळं कधी जुळत नसत. म्हणून काकांनी नियम घातला होता. प्रत्येक मेसेजला नंबर. समोरून मेसेज आला की आपला नंबर त्याच्यापेक्षा मोठा करायचा, मगच पुढचा पाठवायचा.

"टाइम कावून पाहून राहिला बे? आधी काय झालं, मागून काय झालं, ते नंबरले विचार."

मी मान डोलवायचो. समजलेलं नसायचं.

एक दिवस शेडमधली मोठी मोटर जळाली. चौकशी लागली. साहेबांनी दोन्ही मशीनचे प्रिंटआउट माझ्यापुढे टाकले.

"एक साफ लिस्ट बनाओ. टाइम के हिसाब से."

बनवली. एकही खाडाखोड नाही. नंबरांचा कॉलम पानात बसेना, गाळला.

१०.४०: शेडचा इशारा, बेअरिंग तापलं.
१०.४३: काकांचा आदेश, मोटर चालू करा.

म्हणजे इशारा येऊनही काकांनी मोटर चालवली! त्यांना स्टोअरमध्ये बसवलं.

चार दिवसांनी मूळ कागद फाइलला लावताना नंबर पाहिले.

आदेश सतरा. इशारा अठरा. लगेच काकांचा एकोणीस: मोटर बंद करा.

इशारा मिळाल्यावर आदेश दिला असता, तर आदेशाचा नंबर मोठा असता. शेडचं घड्याळच मागे होतं.

कॅम्प-१ ला त्यांच्या घरी गेलो.

काका हसले. "समजला आता नंबर? मी साहेबाले सांगतलं होतं. ते म्हणते, लिस्ट में कहाँ है?"

काकू आतून म्हणाल्या, "तूच सांगजो बाबू. तुह्या लिस्टवर त्यायचा भरोसा हाय."

"हो काकू. उद्याच."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनबाहेर उभा राहिलो. माझी नोकरी अजून पक्की नव्हती. परत येऊन टाइप करत बसलो.

तिसऱ्या दिवशीही तेच.

काका स्टोअरमधूनच रिटायर झाले. मला एकदाही विचारलं नाही. दिसलो की एवढंच, "जेवला का रे?"

त्या कारखान्यातले बरेच जण या ग्रुपवर आहात. अजूनही म्हणता, वानखेडेने मोटर जाळली.

नाही. आदेश आधी गेला होता. इशारा नंतर आला, आणि येताच काकांनी मोटर बंद करायला सांगितलं होतं.

हे साहेबांना सांगायचं होतं. तुम्हाला सांगतोय, तेही काका ऐकायला नसताना.

काका, तुम्हाला शेवटचा नमस्कार. माफी मागायची हिंमत आजही नाही.