गाठवाली

बायको गेली त्या दुपारी आम्ही पिक्चर बघत होतो आणि मी तिचा हात धरला होता. लाडानं नाही. तिनं पदराची गाठ सोडू नये म्हणून. त्या गाठीत तिच्या छातीच्या दुखण्याची गोळी होती, हे मला माहीत नव्हतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना माझ्याविषयी कुणी काही बरं धरून चालू नये.

तिचं नाव वेगळं होतं, पण खडोलीच्या सूत कंपनीत तिला सगळे गाठवालीच म्हणायचे. आम्ही धुळ्याकडचे. सिल्वासात आलो तेव्हा मला माल चढवायचं काम मिळालं आणि तिला मशीनवर. सुताचा धागा तुटला की दोन्ही टोकं पकडून गाठ मारायची, एवढंच काम. बाकीच्या बाया दोन्ही हात लावून, मान वाकडी करून गाठ मारायच्या. ही डाव्या हाताच्या तीन बोटांनी मारायची आणि तोंडानं शेजारणीला वांग्याच्या भरीताची कृती सांगत असायची. सुपरवायझर गुजराती होता. नव्या पोरी आल्या की तिच्यापाशी उभ्या करायचा, "आ जुओ," हिचं बघा म्हणून. ती पोरींना सांगायची, "तुटलं तर तुटलं. आधी टोक शोधायचं, मग रडायचं."

मी तिसरीपर्यंत शिकलो, ती सातवी. त्या चार इयत्ता तिनं मला जन्मभर दाखवल्या. घरात आम्ही अहिराणी बोलायचो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितोय, पण तिचं एक वाक्य तसंच लिहावं लागेल. मी काहीही बोललो, रेशनच्या तांदळाबद्दल म्हणा की दिल्लीच्या सरकारबद्दल, की ती म्हणायची, "तुम्हले काय समजस." विचारत नसायची. निकाल द्यायची.

तिला डब्याचा भरवसा नव्हता. किल्ली, वेलदोडा, पोरीच्या नव्या मोबाइलचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, सगळं पदराला. म्हणायची, "डब्यात ठेवलेलं डब्याचं. पदराला बांधलं ते आपलं." पंचेचाळीस वर्षं मी हे ऐकलं. म्हणजे मला कळायला हवं होतं.

पण पदराच्या गाठीचा आमचा दुसराही एक खेळ होता. कंपनीच्या मैदानात एकदा पडदा लावून भुताचा पिक्चर दाखवला होता. विहिरीतून बेडकासारखी, दात विचकणारी जनावरं निघतात आणि गावातली माणसं एकेक करून खातात. लोक घाबरून चपला विसरून पळाले. ही मात्र खदाखदा हसत होती. आता कोण मरणार ते मनात धरायची आणि पदराला गाठ मारायची. नाव सांगायचं नाही. तो मेला की गाठ सोडायची आणि माझ्याकडे बघायचं. सरपंच, पोलीस, गाणारी हिरोइन, सगळे तिनं बरोबर धरले होते. मग माझ्या लक्षात आलं, कुणीही मेलं तरी ही गाठ सोडते. त्या दिवसापासून तिचा हात गाठीकडे गेला की मी मनगट धरायचो. आधी नाव सांग, मग सोड. घरात टीव्ही आला तरी खेळ तोच राहिला.

मागच्या वर्षी तिची छाती दुखायला लागली. डॉक्टर म्हणाला, नस चोंदली आहे. गोळ्यांची पट्टी दिली. दुखायला लागलं की लगेच एक जिभेखाली धरायची, गिळायची नाही, विरघळू द्यायची. ही तिथंच म्हणाली, "म्हणजे तेवढा वेळ तोंड बंद. ही गोळी तुम्हीच सांगितली असणार डॉक्टरला." डॉक्टरही हसला. पट्टी मी देवाच्या फळीवर पावडरच्या डब्यात ठेवली. तिच्यासमोर ठेवली.

त्या दिवशी सकाळी सुरतहून पोरीचा फोन आला. बेडकांच्या पिक्चरचा दुसरा भाग आलाय, घरी टीव्हीवर दिसतोय. जेवण झाल्यावर ही तयारीला लागली. शेव काढली, दार लोटलं, पंखा वाढवला. फळीपाशी तिच्या हातात कात्री दिसली. मला वाटलं, शेवेची पिशवी कापतेय.

या भागात जनावरं एका मोठ्या मॉलमध्ये शिरतात. तिथं शंभर टीव्ही लावलेले. ते बघून ती जनावरं पिक्चरवाल्यांची नक्कल करायला लागतात. एक कॉलर वर करून, गॉगल लावून चालतं. दोघं कुंडीतल्या झाडाभोवती गाणं म्हणत फिरतात आणि गाणं संपलं की माळ्याला खातात. दोन बेडूक जत्रेत हरवलेले भाऊ निघतात, गळ्यातलं लॉकेट जुळवतात, मिठी मारतात आणि एकमेकांचा कान तोडतात. ही डोळे पुसत हसत होती. "बघा हो, सगळी पिक्चरं एकातच उरकली. आता म्हातारी आई आंधळी होईल बघा." झालीच आंधळी. बेडकीण होती ती.

मग मॉलचे दिवे जातात. चौकीदार एकटा बॅटरी घेऊन तळघरात उतरतो. मागं पाण्याचा आवाज. मी शेव खायचं थांबवलं. ही पण हसायची थांबली. मला वाटलं, पिक्चरमुळं. तिचा हात पदरावर गेला. गाठ होतीच तिथं. मी मनगट धरलं.

"अजून मेला नाही तो."

"सोडा."

"आधी नाव सांग. लबाडी चालणार नाही."

"सोडा हो." हात घामानं ओला होता. पंखा चालू होता, तरी ओला होता.

मी पडद्यावरची नजर काढली नाही. पडद्यावर नवरीच्या वेषातलं एक जनावर घुंघट घेऊन पायरीवर बसलं होतं आणि चौकीदार त्याच्याकडे चालला होता. म्हटलं, "नवरी खाणार त्याला. मला कळलं."

ती म्हणाली, "तुम्हले काय समजस." हळू म्हणाली. आणि हात ओढायचं सोडून दिलं.

मला वाटलं, मी जिंकलो.

घुंघट वर झाला, दात दिसले, चौकीदार ओरडला, मी हसलो आणि तिच्याकडे बघितलं. तिची मान माझ्या खांद्यावर आली होती. ओठ निळे. मी फळीकडे पळालो, डबा पाडला, पट्टी सापडली. एक गोळी कापून काढलेली होती. तेव्हा त्याचा विचार करायला डोकं जागेवर नव्हतं. दुसरी काढली, पण तिचे दात मिटले होते. गोळी ओठावरून घरंगळली आणि शेवेत पडली.

शेजारच्या रमेशभाईनं रिक्षा काढली. पाळी सुटायची वेळ, कंपन्यांच्या बसगाड्या रस्ताभर. रमेशभाई हॉर्न वाजवत, शिव्या देत रिक्षा घालत होता. मी तिला धरून बसलो होतो आणि तिच्या कानात सांगत होतो, टोक सापडलं बघ, टोक सापडलं. का ते मलाही माहीत नाही. दवाखान्यात त्यांनी दहा मिनिटं प्रयत्न केला. मी डॉक्टरला विचारलं, गोळी वेळेवर पडली असती तर? तो तरुण होता, खाली बघत म्हणाला, "सांगता येत नाही, काका." नर्सनं तिची साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी सुरतहून आली होती. घरात बाया तिच्या आईला हळदीकुंकू लावत होत्या, हिरवी साडी नेसवत होत्या. बाहेर कंपनीतले लोक बांबू बांधत होते. मी मागल्या बाजूला धुण्याच्या दगडावर ती पिशवी घेऊन बसलो. साडी काढली. गाठ तशीच होती.

पिक्चरमधल्या माणसाची गाठ ती सैल मारायची, एका ओढीत सुटणारी. ही कंपनीतली होती, घट्ट. दातांनी सोडवली. आत चांदीसारख्या कागदात, कात्रीनं चौकोनी कापलेली, एक गोळी.

रमेशभाईच्या घरची पाण्याची मोटर नुकतीच सुरू झाली होती. पोरीनं दारातून हाक मारली, "आबा, चला. सगळे थांबलेत."

मी गोळी जिभेखाली धरली. किती वेळ लागतो ते मला बघायचं होतं.

"आबा, ऐकताय ना? बोला ना काहीतरी."

तोंड उघडलं नाही. मोटरचं पाणी वर टाकीत पडायला लागायच्या आधीच गोळी विरघळली. मग मी उठलो आणि खांदा द्यायला गेलो.