एकच हाक

आमच्या गावात एक गोष्ट लहानपणीच कानात भरवतात. खाडीवर धुक्यात हाक आली, तर तिसऱ्या हाकेपर्यंत ओ द्यायची नाही. अडलेला माणूस तीनदा ओरडतो. एकदाच ओरडतं ते दुसरंच काहीतरी, आणि ओ दिली की ते गाळात नेतं. मला हे काकाने सांगितलं, वडिलांच्या धाकट्या भावाने. आमच्यात काकाला अहो-जाहो नाही. शेतं गेली, त्यावर गोदामं उभी राहिली, दारात दोन गाड्या आल्या, तरी हा बाबा थंडीत सकाळी सकाळी चिखलात उतरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरतो. घरचे कावतात. मी कावत नाही, कारण त्याच वेळी मीही काल्हेर गावामागे खाडीच्या बांधावर हातभर लांब लेन्स घेऊन पक्ष्यांची वाट बघत असते. दोघं येडे एका माळेचे, असं आई म्हणते.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की मागच्या गोदामात ट्रक रिव्हर्स घेताना वाजत होता, पण दिसत नव्हता. मी बांधावर पोटावर पडून राहिले. भरती लागली होती. पाणी चढलं की पक्षी काठाकडे सरकतात, म्हणून मी हीच वेळ धरते. आणि समोरच्या धुक्यातून हाक आली. शब्द नाही, नाव नाही, नुसता एक लांब 'एऽऽ'.

मी शिकलेली बाई, पण खोटं कशाला बोलू, ओठ घट्ट मिटून दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. ती आलीच नाही. ट्रकही गप्प झाला. थोड्याच वेळात धुकं जरा फाटलं आणि नेमका तिथेच, हाक आली त्या बाजूला, एक राखी बगळा उतरला. तिथे माणूस असता तर बगळा उतरला असता का? म्हणजे माणूस नव्हता. मी देवाचं नाव घेतलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. कॅमेऱ्यामागे मला भीती कमी वाटते.

बगळ्याच्या मागे पाण्यात एक खुंटा होता, जाळं बांधायला ठोकतात तसा. लेन्समधून मागचं सगळं धुरकट दिसतं, तरी तो काळा डाग फोटोची वाट लावत होता. मी वैतागले. कोपरांवर सरकत थोडी डावीकडे गेले, खुंटा बगळ्याच्या अंगाआड नीट झाकला आणि दहा मिनिटं तरी फोटो काढत सुटले.

मग काढलेले फोटो बघायला घेतले. एकात बगळा पाऊलभर पुढे गेला होता आणि फोकस हुकला होता. बगळा पुसट, मागचं ठळक. असले फोटो मी तिथल्या तिथे उडवते. बोट बटणावर होतं. त्या खुंट्याला तोंड होतं. डोक्याला मफलर होता. पाणी काखेपर्यंत आलं होतं आणि तो सरळ माझ्याकडे बघत होता.

मफलर काकाचा होता.

गोदामाकडे धावताना मी मराठीत ओरडले की हिंदीत, आठवत नाही. हमाल माल ठेवायचे लाकडी पॅलेट डोक्यावर घेऊन आले, चिखलावर एकापुढे एक टाकत गेले आणि काखेत दोर घालून, गाळात रुतलेल्या त्याला ओढून काढलं. तोवर पाणी हनुवटीला लागलं होतं. न हलणाऱ्या माणसाला बगळा भीत नाही, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी काका गोधडी पांघरून चहा पीत होता. येईल त्याला सांगत होता, पोरीच्या कॅमेऱ्यानं वाचवला. सगळे गेल्यावर मी चिडूनच विचारलं, तीनदा ओरडायचं तूच शिकवलंस ना, मग एकदाच का ओरडलास?

"दुसरी हाक मारणार, तवर धुका फाटला. तू माझेकरंच बघत व्हतीस. ती नळी सरळ माझेवर. म्हटलं, बघलंय पोरीनं. मंग कशाला वरडाचं?"

नंतर ओरडावंसं वाटलं तेव्हा छातीत दम उरला नव्हता, असंही तो म्हणाला. मग माझा हात धरून हसला.

"आन मंग तू जाग्यावरशी सरकलीस. तवा जीवात जीव आला. म्हटलं, निंगाली मानसं आणाला."

मी हो म्हणाले.