बेडकाचं आतडं आणि मायची मुळी

तेव्हा मी वाशीमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते आणि डोकं कायम गरम. पोटात मुरडा आला की आमच्या मेडशी गावचे लोक माझ्या मायकडे यायचे. ती एक रानमुळी उगाळून द्यायची. मला त्याच मुळीवर संशोधन करायचं होतं. विभागाचे सर म्हणाले, "मुळी खरंच काम करते एवढं दाखवा, अर्जावर सही करतो. नाही तर विषय सोडा."

अर्जाच्या शेवटच्या दिवशी माय ताज्या मुळ्या घेऊन एसटीनं आली. प्रयोगशाळेत सरांसमोर मी बेडकाच्या आतड्याचा तुकडा मिठाच्या पाण्यात टांगला, त्याला काडी बांधली आणि काडीची रेघ टिपायला काजळी धरलेला ढोल फिरता केला. आतडं आखडवणारं रसायन टाकताच काडीनं ढोलावर उंच रेघ ओढली. हे रसायन पेशीवरच्या एका ठरावीक जागीच जाऊन बसतं. ती जागा मुळीनं अडवली, तर आतडं आखडणार नाही, असा माझा कयास. आतडं धुतलं, आधी मुळीचा अर्क टाकला, मग तेच रसायन. रेघ सपाट! मी टाळीच वाजवली.

माय वाकून पाहत होती. "शांत झालं का मेलं?"

"माय, तुले काय समजते त्यातलं!" मी सरांदेखत खेकसले.

"काहून नाही समजत? दवा देल्ली का माणसाले तसंच घरी नाही जाऊ देत आमी. भाकर खाऊ घालतो. पोट गुरगुरलं का मंगच सोडतो. कळ थांबली पायजे, पोट नाही."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मुळीनं आतडं मारलं असेल तर ती दवा नव्हे, विष. आणि माय तर ती गावभर देत आलेली. त्या जागेच्या वाटेला न जाता थेट स्नायूलाच आखडवणारं दुसरं रसायन कपाटात होतं. मी ते थेंबथेंब सोडलं. काडी हलेना. मायनं माझं मनगट घट्ट धरलं. मग काडी थरथरली आणि सर्रकन वर चढली. आतडं जिवंत होतं, फक्त ती जागा अडली होती!

खेकसल्याची लाज वाटली, पण त्याहून जास्त अभिमान. अशी माय कोणाची असते हो!

सरांनी पेन काढलं. 'मार्गदर्शक' या रकान्याशी ते थांबले.

"विद्यापीठाला इथं खरं नाव चालत नाही," ते मायला म्हणाले, "म्हणून माझं लिहितो, आई. रागावू नका."