शेवटच्या पायरीवरची जागा

आमच्या गावात नारू झालेल्या माणसाला विहिरीवर मान असे. भोसरी आणि दिघीच्या मधल्या माळावरचं आमचं गाव. विहीर जुनी, दगडी, पायऱ्यांची. बायका पायऱ्या उतरून खाली जात आणि घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागरी बुडवत. ज्याच्या पायाला नारूचा फोड आला असेल, त्याच्या पायाची आग आग होते. अशा माणसाला पाण्याच्या कडेच्या शेवटच्या पायरीवर जागा द्यायची, त्यानं पाय पाण्यात सोडून बसायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या बाजूनं घागरी भरायच्या, ही रीत. त्याला ऊठ म्हणणं पाप समजत.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. उन्हाळ्यात पायावर फोड येतो, फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावतो. तो हातभर लांब असतो. काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागतो. घाई केली तर तुटतो, आणि आत राहिलेला तुकडा पाय सुजवतो, पिकवतो.

माझ्या बायकोला तो डाव्या गुडघ्याजवळ निघाला. तिच्या माहेरच्या एका शहाण्यानं एका दमात ओढला आणि तो तुटला. आखाडापर्यंत ती अंथरुणाला खिळून होती. सूज उतरली, पण गुडघा आखडला तो आखडलाच. पुण्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा पाय आता सरळ व्हायचा नाही. दुसरा जपा. दुसऱ्यात असं झालं तर बाई चालायच्या नाहीत." टांग्यातून स्टेशनावर येताना तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी जे होतं ते सांगितलं. संसार दोघांचा, लपवून काय होणार?

त्याच पावसाळ्यात लोकल बोर्डाचे सॅनिटरी इन्स्पेक्टर विहिरीत औषध टाकायला आले. चावडीवर त्यांनी सांगितलं, की नारू पिण्याच्या पाण्यातून येतो. रोग्याचा पाय पाण्यात बुडाला की त्यातून नारूची पिल्लं सुटतात, ती पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात शिरतात आणि ते किडे आपण पितो. जंत वाढून बाहेर यायला वर्षभर लागतं. लोक हसले. मलाही पटलं नाही. तोंडातून गेलेलं पायातून कसं निघेल? पण मी खडकीच्या डेपोत गोदामातला माल मोजणारा माणूस. मोजल्याशिवाय एखाद्या गोष्टीला हो म्हणत नाही, तसं नाहीही म्हणत नाही.

म्हणून मी मोजलं. आमच्या आळीत तेवीस घरं. त्यांतल्या चौदा घरांत त्या साली कुणाला ना कुणाला नारू होता. मशिदीच्या अंगाला मुसलमानांची अकरा घरं. त्यांचा आड वेगळा, अरुंद तोंडाचा, बिनपायऱ्यांचा; पाणी रहाटानं शेंदायचं. त्या अकरा घरांत नारू एकाच सुनेला, आणि ती आदल्या उन्हाळ्यात लग्न होऊन बाहेरगावाहून आलेली. माती तीच, ऊन तेच, बाजरीही तीच. फरक होता तो फक्त पाय पाण्यात पडण्याचा.

मी ही गोष्ट चावडीवर मांडली आणि म्हटलं, पायऱ्या बांधून बंद करू, वर रहाट बसवू. शेजारचे पंच माझ्याच वयाचे, बोलायला तिखट. ते म्हणाले, "म्हंजी दुखनाईताला पाय बुडवायला बी जागा न्हाई? आरं राव, माणुसकी हाय का न्हाई?"

"घरी घमेल्यात बुडवावा," मी म्हटलं. "ते पाणी लांब माळावर ओतावं."

"आन् दोर वढायला कोन, तुमी येनार? तुमी सायकल मारत खडकीला!"

हशा पिकला. पंचांचं बोलणं खोटं नव्हतं. रहाटाचं ओझं बायकांच्या हातावर पडणार होतं आणि चावडीवर बाई एकही नव्हती. घरी येऊन मी तसं बोललो. बायको म्हणाली, "मंग मला इचारायचं व्हतं आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काठी टेकत विहिरीवर गेली. मी कळशी घेऊन मागे होतो. बायका पाणी भरत होत्या. तिनं लुगडं जरा वर सरकवलं, आखडलेला गुडघा दाखवला आणि म्हणाली, "बायांनो, ही पायरी मला बी दिली व्हती तुमी. लई उपकार झाले. पर मी पाय बुडवून बसले, आन् त्याच पान्यातनं तुमी घागरी भरून नेल्या. आता ज्याचं त्यानं समजावं."

एक जण म्हणाली, "दोरानं हाताला घट्टे पडतील, बाई."

"हातालाच पडतील ना? पडू द्या. चालायला हात लागत न्हाईत."

माझ्या आकड्यांनी जे झालं नव्हतं ते तिथं झालं. होळीच्या आत पायऱ्यांच्या तोंडाशी भिंत उभी राहिली. सुतारानं रहाट बसवला. आमच्या घरात पिण्याचं पाणी दुपदरी फडक्यानं गाळायचं ठरलं ते इन्स्पेक्टर येऊन गेल्यापासूनच.

आणि पुढच्या उन्हाळ्यात नारू आला, आदल्या सालाइतकाच. पंच सायकल अडवून म्हणाले, "काय हिशेबनीस, गणित चुकलं व्हय? भिंत बी झाली आन् नारू बी झाला!" दोघा-तिघांनी तर भिंत पाडायला पहारी काढल्या होत्या.

मी सायकलवरून उतरलो. "पंच, यंदा बाजरी खाताय ती कधी पेरलेली?"

"गेल्या साली."

"मग नारूही गेल्या सालचाच. पेरणी आत्ता बंद केलीय. पीक येतं का ते पुढच्या उन्हाळ्यात बघा. आलं तर पहिली पहार मी घालतो."

पंचांनी डोकं खाजवलं. शेतकऱ्याला पेरणीचा हिशेब कळतो. भिंत राहिली.

पण त्याच आठवड्यात बायकोच्या उजव्या घोट्यावर फोड आला. ज्या पायाला जपायचं होतं, तोच. मग मी माहेरच्यांना निरोप पाठवला: भेटायला खुशाल या, पायाला हात लावायचा नाही. रोज सकाळी ती पाय घमेल्यात ठेवी, मी काडीला एखादा वेढा देई. किंचित ताण लागला की थांबे. घमेल्यातलं पाणी मी स्वतः माळावर नेऊन ओतत असे. वैशाखातल्या एका दुपारी आगीनं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "अहो, त्या भिंतीला पायापुरतं एक भोक तरी ठिवायचं!" आणि स्वतःच हसली. महिना लागला, पण नारू शेवटच्या टोकापर्यंत सबंध निघाला. मी तो पट्टीवर मोजला, मग चुलीत टाकला. पाय आखडला नाही.

त्यापुढचा उन्हाळा हाच खरा निकालाचा. चैत्रापासून ती रोज अंघोळीच्या वेळी दोन्ही पाय चाचपून पाही; मी विचारत नसे. मृग लागला तरी पायांवर फोड नाही. मी पुन्हा आळी मोजली: तेवीस घरांत नारू दोघांना, आणि दोघंही गेल्या साली वरच्या मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी पीत होते. पंचांनी आकडा ऐकला, स्वतः घरोघर विचारून आले आणि म्हणाले, "बरोबर हाय. मळ्यातली बी बांधून टाकू." मला शाबासकी वगैरे दिली नाही, आणि मीही तिची वाट पाहिली नाही, गवंडी कधी येईल ते विचारलं.

आता पिंपरीला औषधाचा कारखाना चालू झाला आहे, तिकडच्या वसाहतीत नळ आहेत. नळ आमच्याकडेही येतील तेव्हा येतील. तोवर रहाट चालतो आहे.

गेल्या महिन्यात दिघीकडच्या वाडीतल्या बायकांनी बायकोला बोलावलं. त्यांची विहीर अजून पायऱ्यांची आहे. मी बैलगाडी सांगत होतो, तर म्हणाली, "कशाला? चालत जाते." डावा पाय ओढत, उजव्यावर भार देत ती गेली, बोलून आली, तशीच चालत परतली. उंबऱ्यात बसून उजवा पाय लांब करत म्हणाली, "भिंत बांधायला तयार हाईत. पर सुतार आपला धाडा म्हनाल्या."