लाटीणबाईंची गादी

रडणारं पोर समोर आलं की बाई आधी स्वतःची साहेबी सोला टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवायच्या. टोपी नाकापर्यंत उतरायची, पोर आतल्या अंधारात चूप व्हायचं, आणि बाई वाकून विचारायच्या, "सांगा साहेब, कुठं दुखून राह्यलं?" साहेब विचार करेपर्यंत पोट दाबून पाहायचं काम उरकलेलं असे.

तुमच्यापैकी जे मेहकरच्या बाजूचे आहेत, त्यांच्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला ही टोपी आठवत असेल. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. आमचे साहेब बुलढाण्यात, त्यांचे साहेब नागपुरात, आणि बाई गावाबाहेरच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात. स्कॉटलंडहून आलेल्या, लग्न न केलेल्या, उंच आणि हाडापेरानं मजबूत. मी शाळेत मास्तर होतो. त्यांना मराठी शिकवायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यात मला अजिबात यश आलं नाही.

घरी मी वऱ्हाडीच बोलायचो, पण शिकवायला बसलो की माझ्या अंगात पुस्तक शिरायचं. मी 'मला' शिकवावं आणि बाईंनी 'मले' म्हणावं, असं रोज चाले. बाईमाणसानं 'मी करते' म्हणायचं असतं, असं मी एकदा सांगितलं. त्यांनी ओसरीकडे बोट केलं. "तिथं बसल्या त्या साऱ्या बाया 'मी करतो' म्हणतात. त्याईले शिकवा आधी." मी नाद सोडला. दवाखान्यात जाणं मात्र सोडलं नाही, कारण तोवर मला बाईंच्या घराण्याच्या गोष्टींची चटक लागली होती.

आपल्याकडे नव्या माणसाला गाव विचारतात आणि मग गावचा पाटील कोण ते विचारतात. बाईंनाही कुणीतरी विचारलं. औषध घोटता घोटता त्या सहज म्हणाल्या की पाटीलकी आमच्याच घरात आहे. त्यांचा भाऊ लॉर्ड होता. लॉर्ड म्हणजे लाट, एवढं ओसरीला ठाऊक होतं. ही लाटगिरी घरात आली कशी, हे आता सगळ्यांनाच हवं होतं.

मूळ पुरुषानं म्हणे लढाईतून पळणाऱ्या राजाला आपला घोडा दिला. राजा वाचला, पुढे जिंकला, आणि त्यानं सनद करून दिली. बाईंचं मत असं की घोडा अडेल असणार. चांगला घोडा त्यांच्या घरात कुणी कुणाला दिल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं, तेव्हा राजा कसा वाचला हेच नवल. नातवानं मात्र हरणाऱ्या राजाची बाजू धरली. त्याचं डोकं गेलं आणि गादी जप्त झाली. जप्ती हा शब्द आला तशा ओसरीवरच्या शेतकऱ्यांच्या माना हलल्या आणि स्कॉटलंड एकदम जवळ आलं.

डोकं गेलेल्याची विधवा नव्या राजाच्या दारात ठाण मांडून बसली. राजा शिकारीला निघाला की ही पुढे उभी, देवळातून बाहेर आला की ही पायरीवर. शेवटी राजा वैतागला आणि त्यानं गादी परत दिली. त्या वेळी विधवेनं सनदेत एक ओळ वाढवून घेतली. मुलगा नसेल तर मुलगी बसेल. पुढे दोन भाऊ एकाच नावेतून बुडाले तेव्हा ती ओळ कामाला आली आणि बहीण गादीवर बसली. आणखी एका लॉर्डाला मुलगा झालाच नाही. त्याची मुलगी बसली आणि म्हातारी होईपर्यंत हातात काठी घेऊन तिनं सगळा कारभार हाकला. "आमच्या घरातले गडी लढाईत नाहीत पाण्यात जातात," बाई म्हणायच्या, "अन् बाया राह्यतात."

बाईंचा भाऊ ना लढाईत गेला ना पाण्यात. कुंपणावरून घोडा उडवताना तो पडला. त्याला मूलबाळ नव्हतं. तार आली तेव्हा बाई बैलानं मारलेल्या एका माणसाची मांडी शिवत होत्या. त्यांनी तार वाचली, खिशात घातली आणि उरलेले टाके घातले. मग आत जाऊन दार लावून घेतलं. दवाखाना भरदुपारी बंद झालेला मी त्याच दिवशी पाहिला.

काही दिवसांनी बुलढाण्याहून डिप्टी कमिशनर साहेब खास भेटायला आले. एरवी ते घोड्यावरूनच बाईंना मान हलवून पुढे जायचे. आता बाई बसल्याशिवाय ते बसेनात. दवाखान्यात खुर्ची एकच, आणि तिच्यावर हिवतापानं कुडकुडणारा एक रोगी बसलेला. बाई त्याला उठवीनात. तेव्हा लाटीणबाई उभ्या, कमिशनरसाहेब उभे, आणि हिवतापवाला बसलेला, अशी ती भेट पार पडली. आठवडी बाजारापर्यंत ही हकीकत तालुकाभर झाली होती. 'लाटीणबाई' हे नाव तेव्हापासूनचं.

पण गादी काही मेहकरात नव्हती. तिकडे मोठा वाडा होता, जमीन होती, कुळं होती. एक चुलतभाऊ म्हणू लागला होता की दूरदेशी औषधं वाटणाऱ्या बाईला गादी कशाला, ती मला मिळावी. वकील बोलावत होते. बाई "पाहू मंग" म्हणायच्या आणि पुढचा रोगी बोलवायच्या.

त्याच सुमारास दुसरबीडकडच्या एका गावाहून देशमुखांची बैलांची दमणी आली. देशमुखांची सून अडली होती. तिला आधीच्या तीन मुलीच होत्या. रविवार असल्यानं बाईंनी मलाही दमणीत बसवलं. त्या घरात म्हाताऱ्या देशमुखीणबाईंचा शब्द चाले. नवरा मागेच वारला होता, आणि मुलगा आईसमोर मान वर करत नसे. आम्ही पोचल्यावर थोड्याच वेळात सून सुखरूप सुटली. चौथीही मुलगीच झाली. म्हातारीनं मुलासाठी दुसरी नवरी पाहून ठेवली आहे, हे घरातल्या गड्यांपासून सगळ्यांना माहीत होतं. सुनेलाही माहीत होतं. बाळाकडे न पाहता ती भिंतीकडे तोंड करून निजली होती.

म्हातारी दुष्ट नव्हती. सून गुणाची आहे, तिला काही कमी पडू देणार नाही, असं तिनं बाईंना सांगितलं. "पण चौथी बी पोरगीच. आता हे घर कोण चालवीन?"

बाई हात पुसत ओट्यावर तिच्याशेजारी बसल्या आणि घोड्यापासून काठीपर्यंत आपलं सगळं घराणं त्यांनी तिला सांगितलं. स्वतःच्या गादीचा कामासाठी उपयोग केलेला मी तेवढाच पाहिला. म्हातारी मुरलेल्या वकिलासारखी ऐकत होती. राजानं हे मानलं का, असं तिनं विचारलं. मानलं. भाऊबंद उठले नाहीत का? उठले, बाई म्हणाल्या, भाऊबंद सगळीकडे सारखेच. आता गादीवर कोण आहे?

"मी," बाई म्हणाल्या.

म्हातारीनं त्यांच्या रक्ताच्या डागांच्या झग्याकडे पाहिलं. "तुमी त इथं बसल्या. गादी तिकडं सुनी पडली, अन् मले सांगता पोरगी घर चालवते. मंग जाऊन चालवा ना. तुमी तिथं बसल्या असं मले कळलं, की मी पोराचं दुसरं लगन मोडतो."

बाईंनी एकदा सुनेच्या खोलीकडे पाहिलं. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हातारीनं त्यावर आपला हात ठेवला.

परतायला आम्ही त्याच दमणीत बसलो. मेहकर दिसू लागलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मास्तर, आमच्या त्या विधवेच्या जागी ही बाई असती, त राजानं पहिल्याच दिवशी गादी देऊन टाकली असती." मी हसलो. त्याही हसल्या. थोडं पुढे गेल्यावर बैलांकडे पाहत म्हणाल्या, "मले जायचं नोतं."

शेगाव स्टेशनवर त्यांना पोचवायला तालुका लोटला होता. कुणी भाकरी-ठेचा बांधून आणला होता, कुणी पोरं दाखवायला आणली होती. गाडी यायच्या आत बाईंनी फलाटावरच दोघांचे घसे तपासले. वर्षभरात परत येतो म्हणाल्या.

पुढे त्यांचा गादीवर बसल्याचा फोटो आला. अंगावर जडशीळ मखमली झगा, आणि तोंड कुणी कडू कोयनेल पाजल्यासारखं. मी तो घेऊन देशमुखांकडे गेलो. म्हातारीनं तो उजेडात धरून निरखला, मागची बाजूही पाहिली, आणि मुलाला हाक मारून सांगितलं की पाहिलेल्या मुलीच्या घरी नकार कळव. सून दाराआड होती. त्या दिवशी माझ्या चहाबरोबर पोहे आले.

बाई परत आल्या नाहीत. आधी चुलतभावानं कज्जा लांबवला, मग जर्मनीची लढाई सुरू झाली, आणि लढाई संपली तेव्हा त्यांचे गुडघे गेले होते. दवाखान्यात नवे डॉक्टर आले, चांगले होते. एक दिवस बाई गेल्याची बातमी त्यांनीच मला सांगितली.

मी दुसरबीडकडे निघालो. देशमुखीणबाई आता फार थकल्या होत्या, दिसतही कमी होतं. अंगणात चौथी नात मजुरांना कामं वाटून देत होती. मी बातमी सांगितली. म्हातारीनं विचारलं, "आता कोण बसलं?"

"चुलतभाऊ आधीच गेला, त्याच्या मागं कुणी नाही. त्यांच्या आत्याची नात बसली."

तिनं मान हलवली आणि नातीला विहिरीचं पाणी काढायला सांगितलं. पोरीला कळेना, ती म्हणाली सकाळीच तर तुझी आंघोळ झाली. म्हातारी म्हणाली, घरचं माणूस गेलं. मग नातीच्या हाताला धरून ती न्हाणीच्या दगडावर जाऊन बसली, आणि सुतकाचं पाणी घेतात तसं लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घेतलं.