कुलुपातला पहिलीचा वर्ग

"टायर कायले पायजे मॅडम? गाडी त तुमची स्कूटी हाये."

सडक अर्जुनीच्या हायवेवरच्या पंक्चरवाल्याने मला असं विचारलं, तेव्हा मी त्याच्या दुकानामागच्या ढिगाऱ्यातून पिकअपचे जुने टायर ओढून बाहेर काढत होते. ट्रकचे टायर फार जड, म्हणून पिकअपचे.

"पहिलीच्या मुलांना बसायला," मी म्हटलं.

"बाप्पा! टायरवर?" तो हसला. पण दहा टायर त्याने स्वतः धुऊन दिले आणि पैसे विचारायचं विसरला. मीही आठवण करून दिली नाही.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. हायवेपासून आत, शेतांच्या मधोमध. शिक्षक दोनच, मी आणि मुख्याध्यापक कापगते सर. सरांना निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. पहिलीची खोली कित्येक वर्षं पोषण आहाराच्या तांदळाच्या गोण्या सांभाळत होती आणि मुलं व्हरांड्यात बसायची. सुट्टीत आम्ही ठरवलं, तांदूळ ऑफिसात हलवायचा आणि ही खोली मुलांना द्यायची. यात परोपकार थोडा, भीती जास्त. पट, म्हणजे शाळेतल्या मुलांची संख्या, एका हद्दीखाली गेला की दुसऱ्या शिक्षकाला उचलून दुसऱ्या शाळेत टाकतात. तो दुसरा शिक्षक म्हणजे मी. मी गेले असते तर पाचही वर्ग एकट्या सरांवर. आणि गावात कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन रोज सकाळी हॉर्न वाजवून राहिली होती.

शाळेच्या अनुदानात रंगाचा एक डबा बसला. बाकी सगळं मागून आणलं. टायरांना सुतळी गुंडाळली, वर जुनी नेवाड, म्हणजे रुंद सुती पट्टी, खाटेसारखी विणून बैठक केली. विणकाम सरांचं. लहानपणी घरच्या खाटा त्यांनीच विणल्या होत्या, हे मला वीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. भिंतीच्या खालच्या भागाला काळा रंग देऊन तळफळा केला. तळफळा म्हणजे मुलांच्या उंचीचा फळा, ज्यावर मास्तरांना वाकल्याशिवाय लिहिता येत नाही. मोजायला बाटल्यांची झाकणं धाब्यांवरून मिळाली. सगळीच काही लिंबू सोड्याची नव्हती, म्हणून वरून रंग दिला. सापशिडीसाठी वाढदिवसाच्या शुभेच्छांचे जुने फ्लेक्स उलटे अंथरले. कोपरा उचलला की खालून एक पुढारी हात जोडून दिसायचे. मुलांनी पुढे त्यांनाही नमस्कार घालायला सुरुवात केली.

जून संपता संपता खोली तयार झाली. दारात उभं राहून बघितलं तेव्हा मला खरंच भरून आलं. सरांनाही आलं असावं. त्यांनी खिशातून कुलूप काढलं आणि दाराला लावलं.

"केंद्रप्रमुख मोठ्या साहेबांना घेऊन येऊन राहिले या आठवड्यात," ते म्हणाले. केंद्रप्रमुख म्हणजे आमच्यासारख्या आठ-दहा शाळांवर देखरेख करणारे. "साहेबांनी एकदा पाहून घेतलं की मंग उघडू. पोरं पंधरा दिवसात वाट लावतीन."

मला ते अगदी पटलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी सरांवर बरीच रागावले. आमच्या शाळांची ही जुनी रीत. नकाशे गुंडाळलेले, विज्ञानाची पेटी कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. साहित्य चांगलं राहतं. मुलं खिडकीतून बघतात.

शाळा सुरू झाली. साहेब आले नाहीत. दुसरा आठवडा लागला. पहिलीची मुलं व्हरांड्यातच, पाट्या मांडीवर घेऊन. कुणी खिडकीच्या गजातून हात घातला की ओरडायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते चोख केलं.

मग प्रतिमा आली. ही हायवेच्या धाब्यावर भाकऱ्या थापायची. तिची पोरगी आरोही यंदा पहिलीत जाणार होती. नवऱ्याचं मन व्हॅनकडे होतं, तिचं ठरत नव्हतं. शेजारच्या दोन मुली आरोही जिकडे जाईल तिकडे जाणार, म्हणजे आमचा पट प्रतिमाच्या हातात होता. मी तिला मोठ्या अभिमानाने खिडकीशी नेलं. टायर दाखवले, तळफळा दाखवला.

"मस्त हाये जी. हे कोनासाठी?"

"मुलांसाठीच की."

"मंग पोरं बाहेर काऊन बसून राहिली?"

"साहेब यायचेत बघायला."

प्रतिमाने खिडकीतून पुन्हा एकदा आत पाहिलं. "साहेब बसनार हायेत का पयलीत?"

ती "पाहू जी" म्हणून निघून गेली. "पाहू"चा अर्थ वीस वर्षांच्या नोकरीनंतर मला चांगला कळतो.

मी तडक सरांकडे गेले. "सर, किल्ली द्या."

"मॅडम, दोन दिवस थांबा."

"साहेबांसाठी केलं का आपण हे?"

सर म्हणाले, "माझ्या शेरेबुकात आजवर एक चांगला शेरा नाही मॅडम. जाताना एक मिळावा, एवढंच होतं." शेरेबुक म्हणजे भेटीला आलेले साहेब ज्यात शाळेबद्दल मत लिहितात ती वही. माझा राग तिथेच विरला. वाईट वाटलं, पण हात मी पुढेच ठेवला. त्यांनी किल्ली दिली.

दार उघडताच पाट्या व्हरांड्यात टाकून सगळी मुलं टायरांवर जाऊन बसली. प्रतिमापर्यंत ते मधल्या सुट्टीआधीच पोचलं. दुसऱ्या दिवशी ती आरोहीला घेऊन दारात उभी. पोरीने चपला काढल्या, टायर पकडला आणि आईकडे वळूनही पाहिलं नाही.

"जाऊ मी?" प्रतिमाने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा मला म्हणाली, "लिहा जी नाव." शेजारच्या दोघी त्याच दुपारी आल्या.

सरांचा पंधरा दिवसांचा अंदाज चुकला. आठच दिवस लागले. नेवाड सैल झाली, निम्मी झाकणं गायब झाली, सापशिडीतला मोठा साप कुणीतरी झिजवून संपवला.

साहेब ऑगस्टमध्ये आले. दहा मिनिटं थांबले आणि शेरेबुकात लिहून गेले, "वर्गातील साहित्य जीर्ण अवस्थेत आढळले. खुलासा करावा."

सरांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं, आता किल्ली परत मागतील. त्यांनी पेन काढलं आणि सुवाच्य अक्षरात खाली लिहिलं, "साहित्य रोज वापरात आहे." मग सही केली आणि नेवाड आवळायला पहिलीत गेले.

नवे शिक्षक मला कमी खर्चातल्या वर्गाबद्दल विचारतात. मी टायर, झाकणं, फ्लेक्स सगळं सांगते, आणि वर एवढंच सांगते की तयार झाल्याच्या दिवशी मुलांच्या ताब्यात द्या. कपाटात ठेवलं तर वाट लावायचं काम उंदीर करतात.