ब्लू-रेमध्ये दिसलेले देवाजी

देवाजी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे प्रॉम्प्टर. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर नाटकं चालायची आणि तीस हंगाम देवाजी विंगेच्या पडद्याआड, मांडीवर नाटकाची वही घेऊन, नटांना विसरलेली वाक्यं पुरवत बसले. राजाला त्याचं राज्य आणि खलनायकाला त्याचं खदाखदा हसणंसुद्धा आठवून द्यावं लागे. देवाजी विंगेत असले की नट अडकत नाही, हीच त्यांची आयुष्याची कमाई. स्वतःचा चष्मा कुठे ठेवला, हे मात्र घरी बायकोला, गुणाबाईंनाच प्रॉम्प्ट करावं लागे.

जावई प्रवीण ऊर्जानगरला वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहणारा, यंत्रांचा भारी शौकीन. त्यानं ब्लू-रे प्लेअर आणला आणि देवाजींच्या सगळ्यात गाजलेल्या प्रयोगाची, मूळ चित्रीकरणावरून, चंद्रपुरात नवी डिस्क करून घेतली.

"जुनी डीव्हीडी काऊन नको झाली तुमाले, जवाई?" देवाजी कुरकुरले.

"मामाजी, जुनीत राणी अन् तिच्यामागचा खांब सारखेच दिसते. हिच्यात राणीच्या नथीतले मोती मोजा."

"मोती मोजून काय कराचं हाये? नाटक तेच, रडणं तेच."

"बाबा भेले," मुलगी दिव्यानी हसली. "म्हातारे दिसन म्हणून."

देवाजी खरंच भ्याले होते, पण कारण वेगळं होतं. त्या प्रयोगाच्या तिसऱ्या अंकात त्यांना झोप लागली होती. जाग आली ती थेट टाळ्यांनी. नाटक कुठेच अडलं नव्हतं. उलट त्याच प्रयोगासाठी गावानं त्यांचा सत्कार केला. नऊ वर्षं देवाजींनी तो सत्कार आणि ती झोप, दोन्ही मुकाट्यानं पचवली. जुन्या डीव्हीडीत विंगेच्या जागी नुसता काळा डाग होता. बिचारी इमानी होती.

भर दुपारी डिस्क लागली. तिसरा अंक आला. डागाच्या जागी पडद्याची फट दिसली, आणि फटीत देवाजी: मान छातीवर, ओठ मिटलेले.

"अगाई! बाबा झोपले!" दिव्यानी खिदळली. प्रवीणनं आवाज वाढवला, आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

प्रत्येक वाक्याआधी कुजबुज ऐकू येत होती. आवाज देवाजींचाच. झोपलेल्या देवाजींचे ओठ मात्र हलत नव्हते. मांडीवरच्या वहीचं पान, त्यावरची वाक्यं संपली की, सावकाश उलटत होतं. कुणी बोट ओलं करून उलटावं, तसं नेमकं एकच.

"वारा असन," प्रवीण म्हणाला. पण विंगेचा पडदा जरासुद्धा हलत नव्हता.

"मी झोपलो होतो," देवाजी म्हणाले. "नऊ वर्षं लपवून राह्यलो. तो सत्कार माहा नाई."

दिव्यानीनं चित्र थांबवलं. मग प्रवीणनं हळूच विचारलं, "मामाजी, ही डिस्क ठेवू का वापस करू?"

"ठेवा. जुनीनं माही लाज राखली, आता पुरे."

त्यांनी नाटक कंपनीच्या मालकाला फोन लावला. "अंकुशभाऊ, यंदा दुसरा प्रॉम्प्टर पाहा."

"मजाक करता का भाऊ? तुमच्यासारखा दुसरा कुठी भेटते?"

टीव्हीवर चित्र अजून थांबवलेलंच होतं. वहीचं पान अर्धवट उलटून हवेत उभं होतं. देवाजींची नजर त्यावरून हटेना.

"हाये एक," ते म्हणाले. "आवाजही माह्यासारखाच हाये. पण तो कोण, ते मले माहीत नाई."